शाळेखालची रेघ

कुलूप लावून किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकत असतानाच दादाचा फोन आला. "काळजी करू नकोस गं, कुणीही घरी गेलेलं नाही," तो म्हणाला, आणि इतक्या खुशीत म्हणाला की तिचा हात कप्प्यातच राहिला. कुणीही म्हणजे कोण? शनिवारी तिने फक्त त्याला सांगितलं होतं, तू आणि वहिनी अजून थोडे दिवस घरी जाऊ नका म्हणून, आणि वर बजावलं होतं की हे पक्कं नाही, बाहेर बोलू नकोस. "बाहेर कुठे बोललो," दादा म्हणाला, "शाळेच्या आतच बोललो," आणि स्वतःच्या विनोदावर हसला. अडतीस घरं थांबली होती. काल, रविवारी, घरी परतायची परवानगी मिळाली होती, गावच्या अभियंत्याने दारोदार फिरून हिरव्या खुणाही केल्या होत्या. तरी वरच्या आळीतली एकशे चाळीस माणसं शाळेच्या वर्गांतून हलली नव्हती, कारण दादा गावचा सुतार, आणि सुताराची बहीण उपग्रहाच्या कामात आहे आणि ती नको म्हणाली. "मी सांगितलं सगळ्यांना, माझी बहीण वरून बघत असते. तर आमचा गवंडी विचारतो, वरून म्हणजे? गेल्या का त्या?" दादा पुन्हा हसला. त्याच्या मागे बादल्यांचा आवाज, कुणाचं तरी रडणारं पोर, आणि वहिनीचं "तिला विचारा जेवली का" ऐकू येत होतं. ती हसली नाही. तिसऱ्या मजल्यावर जिन्याचा कठडा धरून ती उभी होती आणि जिना हलतोय असं तिला वाटत होतं. जिना हलत नव्हता. भूकंपाला वीस दिवस झाले होते, तो इथून तीनशे किलोमीटरवर झाला होता, या शहरात फक्त टांगलेले दिवे तेवढे हलले होते. पण तेव्हापासून ती पेल्यातल्या पाण्याकडे बघायची, बसमध्ये उभी असताना पायाखालची थरथर इंजिनाची आहे की आणखी कशाची हे मनात तपासून घ्यायची. "ऐकतेयस ना?" दादा म्हणाला. "हो," ती म्हणाली. "दुपारी करते." आणि फोन ठेवल्यावर तिला कळलं की किल्ली अजून मुठीतच आहे आणि त्या किल्लीचे दात तळव्यात रुतलेत.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली, तरी ती बसली नाही. बसून विचार करायला तिला नेहमीच भीती वाटे. शनिवारी दुपारी तिने जे पाहिलं ते पुन्हा डोळ्यांपुढे आणायचा ती प्रयत्न करत होती. काम म्हटलं तर साधं होतं. उपग्रह सातशे किलोमीटरवरून जमिनीवर रडारच्या लहरी सोडतो, त्या आपटून परत येतात. बारा दिवसांनी तो नेमका त्याच जागेवरून जातो आणि पुन्हा तसंच करतो. दोन्ही वेळच्या लहरींतला फरक काढला की जमीन मधल्या काळात किती सरकली, खचली, उचलली गेली ते रंगांच्या पट्ट्यांमध्ये दिसतं. एका पट्ट्यात पावणेतीन सेंटिमीटर. जमीन गप्प असेल तर सगळं चित्र एका रंगाचं, हलली असेल तर इंद्रधनुष्य. शनिवारच्या चित्रात दादाच्या गावामागच्या डोंगरउतारावर दीड पट्टा होता. हिरवा, पिवळा, तांबडा, जांभळा, आणि पुन्हा हिरवा, पिवळा, तांबडा. म्हणजे चार सेंटिमीटर, भूकंप होऊन गेल्यानंतरच्या बारा दिवसांत, वरच्या आळीच्या अगदी डोक्यावर. उतार खाली येत असेल तर सगळ्यात आधी तो त्या अडतीस घरांवर येणार होता. आणि नेमका तेव्हाच दादाचा फोन आला होता: "उद्या परवानगी देणार म्हणतात. जाऊ का गं घरी?" ती अर्धा मिनिट गप्प राहिली होती. त्या अर्ध्या मिनिटात ती शास्त्रज्ञ नव्हती, त्याची धाकटी बहीण होती, आणि बहिणीने सांगून टाकलं, "नको जाऊस. शाळा बरी आहे, खाली सपाटीवर आहे. तिथेच राहा."

सांगून टाकलं, हेच तिला खुपत होतं. कारण असा डाग म्हणजे जमीनच असते असं नाही. हवेत बाष्प जास्त असलं तर लहरी रेंगाळतात आणि जमीन हलल्यासारखी दिसते, डोंगरांवर तर हमखास. हे तिच्याइतकी किंमत मोजून शिकलेलं दुसरं कुणी त्या संस्थेत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी एका नदीकाठच्या वस्तीखाली जमीन फुगतेय असं तिने सांगितलं होतं. छातीठोकपणे. अकरा दिवस सहाशे माणसं घरं सोडून तंबूंत राहिली, भाजीचे मळे पाण्यावाचून वाळले, एका म्हातारीला तंबूतल्या गारठ्याने न्यूमोनिया झाला आणि ती पुन्हा घरी गेलीच नाही. पुढच्या फेरीच्या चित्रात फुगवटा नव्हता. तो नुसता ढग होता. दिसणारा ढगसुद्धा नाही, हवेतला ओलावा. तेव्हापासून संस्थेत तिच्या पाठीमागे तिला ढगूबाई म्हणत. तिला ठाऊक होतं. एकदा ती खोलीत आली तेव्हा कुणीतरी "आभाळ आलं" म्हणालं होतं आणि सगळे एकदम आपापल्या पडद्यांकडे वळले होते. त्या म्हातारीचा फोटो वर्तमानपत्रात आला होता, डोक्याला पंचा गुंडाळलेला, तोंडात एक दात. नवऱ्याने तो अंक लपवून ठेवला होता, तिला सापडला. पुढे वर्षभराने नवराच गेला, भांडण न करता, दोन बॅगा घेऊन. जाताना म्हणाला, "तू घरात असतेस तेव्हासुद्धा कुठेतरी काहीतरी हलतंय का हेच बघत असतेस." हलत होतं तेव्हा मात्र तिला ते दिसलं नव्हतं.

संस्थेत पोचली तेव्हा दुसऱ्या दिशेची चित्रं येऊन पडली होती. उपग्रह एका फेरीत सकाळी उत्तरेकडून येतो, दुसऱ्या फेरीत संध्याकाळी दक्षिणेकडून. दोन्हींचे दिवस वेगळे, हवा वेगळी, बघण्याचा कोन वेगळा. दोन्हींत जे दिसतं ते जमिनीतलं. एकाच फेरीत दिसतं ते हवेतलं. तिने कोट खुर्चीला अडकवला, गणित चालू केलं आणि ते चालू असेपर्यंत काय करायचं हे न कळून टेबलाचे कप्पे आवरले. जुनी पेनं, एक तुटका कंगवा, गोळ्यांचं रिकामं पाकीट. लहानपणी दादाने तिला पाणसळ कशी बघायची ते शिकवलं होतं. तो तेव्हा सोळाचा, नुकताच एका सुताराकडे कामाला लागलेला, ती नऊची. काचेच्या नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये आला की फळी सपाट. ती घरभर पाणसळ घेऊन हिंडली होती आणि संध्याकाळी रडत बसली होती, कारण घरातलं काहीच सपाट नव्हतं, जेवायचं टेबल नाही, खाट नाही, उंबरठा नाही. "वेडाबाई," दादा म्हणाला होता, "थोडं वाकडं असतंच. उभं राहतंय ना?" वडील गेल्यावर त्याने शाळा सोडली होती म्हणून तिची सुटली नव्हती. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही आणि म्हणूनच त्याच्या कुठल्याही प्रश्नाला 'मला माहीत नाही' असं उत्तर देणं तिला कधी जमलं नाही. त्याने तिला शिकवलं ते तिला माहीत असावं म्हणूनच तर.

चित्र उघडलं. डोंगरउतारावर काही नव्हतं. तिने वर-खाली केलं, रंगांची मांडणी बदलून पाहिली, शनिवारचं चित्र शेजारी लावलं. तिथे दीड पट्टा, इथे सपाट हिरवा. ढग. पुन्हा एकदा ढग. तिने एकशे चाळीस माणसांना ओलाव्यापायी शाळेच्या फरशीवर झोपवलं होतं. उठावं, दादाला फोन करावा, जा रे घरी, चुकले म्हणावं, एवढंच उरलं होतं; आणि ती उठलीही, पण पडदा बंद करण्याआधी सवयीने तिने गावाचा भाग मोठा केला. तेव्हा ती रेघ दिसली. केसाएवढी. गावाच्या खालच्या अंगाने, कालव्याकाठच्या झाडांच्या ओळीला जवळजवळ चिकटून जाणारी. शनिवारच्या चित्रातही ती होती. तेव्हा तिने ती झाडांमुळे आलेली खरखर समजून सोडून दिली होती, कारण पानं हलतात आणि रडारला पानांचं काही कळत नाही. पण आज ती पुन्हा होती. त्याच जागी. आणि रेघेच्या अलीकडचा रंग पलीकडच्या रंगाशी जुळत नव्हता. ढग असा सुरीने कापल्यासारखा कधी दिसत नाही. ढगाला कडा नसतात. रेघेच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकत होत्या, बारा दिवसांत तीन सेंटिमीटर, आवाज न करता, कुणाला न हलवता. भूकंपात फाटलेली भेग गावाच्या चार किलोमीटर अलीकडे संपली असं त्यांच्याच अहवालात होतं, तिची आणि साहेबांची सही असलेल्या. ती संपली नव्हती. जमिनीखालून पुढे गेली होती आणि अजून जात होती. तिने गावाचा नकाशा त्यावर ठेवला. कालवा, बाजार, पाण्याची टाकी, शाळा. रेघ शाळेच्या मागच्या वर्गांखालून जात होती.

साहेब निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. सहा वर्षांपूर्वी वर्तमानपत्रांसमोर तिच्याऐवजी ते उभे राहिले होते. त्यांनी दोन्ही चित्रं बराच वेळ पाहिली, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिली. "रविवारी पुढची फेरी आहे," ते म्हणाले. "सहा दिवस. मग तीन चित्रं होतील."

"सर, सहा दिवस माणसं तिथे झोपणार आहेत."

"शनिवारी उतार होता. आज उतार नाही, रेघ आहे. तुमच्या जागी मी असतो तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग हळूच म्हणाले, "आणि ती तिथे थांबलीत कुणाच्या सांगण्यावरून?"

म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. ती उभीच होती. "माझ्या," ती म्हणाली. "मी भावाला सांगितलं. सांगायला नको होतं. निदान एकट्याला तरी नको होतं."

साहेब खिडकीकडे बघत राहिले. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि गाडी सारखी किंचाळत होती. "मी सही करणार नाही," ते म्हणाले. "मला अजून पटलेलं नाही, आणि न पटता केलेली एक सही मला पुरली. पण तुम्ही स्वतःच्या नावाने पत्र पाठवलंत, तर मी ते परत मागवणार नाही." तिला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. तिला फक्त तिथून बाहेर पडायचं होतं.

जिन्याखालच्या कोपऱ्यात, जिथे झाडू आणि बादल्या ठेवत, तिथे उभं राहून तिने दादाला फोन लावला. काय विचारायचं ते तिने ठरवलं नव्हतं. शाळेच्या मागच्या वर्गांत काही दिसतंय का, भिंतीला, फरशीला, असं तिने जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं. "भेगा तर सगळीकडेच आहेत गं," तो म्हणाला. "त्या अभियंत्याने बघितल्यात, वरवरच्या आहेत म्हणाला."

"नवीन काही? गेल्या आठवड्यातलं?"

"नवीन म्हणजे..." तो थांबला. "एक दार आहे बघ, मागच्या वर्गाचं. लागतच नाही. मी तीनदा तासलं. गेल्या सोमवारी रंधा मारला, मस्त बसलं, गुरुवारी पुन्हा अडकायला लागलं, पुन्हा मारला, काल परत. एवढी माणसं आत, ओले कपडे, श्वास, म्हटलं लाकूड फुगलं असेल."

"दादा, फुगलेलं दार कुठे अडकतं?"

"सगळीकडून. नाहीतर खालून." तो आता हसत नव्हता. पावलं ऐकू आली, माणसांना बाजूला व्हा, बाजूला व्हा म्हणणं, मग शांतता. तिने डोळे मिटले. ती त्याला बघू शकत होती: कानावर पेन्सिल, अंगठा चौकटीवरून फिरतोय. "हे वरच्या कोपऱ्यात अडकतंय," तो म्हणाला. "एकाच. आणि खाली समोरच्या कोपऱ्यात बोटभर फट आहे. दार ठीक आहे गं. चौकट तिरकी झालीय." मग इतक्या हळू की तिला फोन कानावर दाबावा लागला: "मी छत्तीस वर्षं दारं बसवतोय. मला दिसायला हवं होतं."

"मलाही," ती म्हणाली.

गावच्या अभियंत्याला पत्र लिहायला तिला दोन तास लागले. चार ओळींचं होतं. शनिवारी उतार सरकत असल्याचं मी खाजगीत सांगितलं, ते चुकीचं होतं, शाळेच्या मागच्या बाजूखाली जमीन सरकत आहे, इमारत आजच रिकामी करावी, सही. पहिलं वाक्य तिने तीनदा खोडलं आणि तीनदा पुन्हा लिहिलं. ते नसतं तर पत्र किती स्वच्छ, किती अधिकाराचं वाटलं असतं. अभियंत्याचा फोन दहा मिनिटांत आला. तरुण आवाज होता, पण वीस दिवस न झोपलेला. "मॅडम, मला नीट समजू द्या. शनिवारी तुमच्या मते घरं धोक्याची आणि शाळा बरी. सोमवारी शाळा धोक्याची आणि घरं बरी. बुधवारी काय?"

"बुधवारचं मला माहीत नाही," ती म्हणाली. हे शब्द किती सोपे होते. "घरं बरी आहेत असंही मी म्हणत नाही, ते तुम्ही तपासलंय. मी एवढंच म्हणतेय की त्या मागच्या वर्गांत कुणी झोपू नये. माझं ऐकू नका. सुताराबरोबर जा आणि ते दार बघा."

त्याने फोन ठेवला. संध्याकाळी पाचला वहिनीचा फोन आला. शाळा रिकामी होत होती. लोक घरी चालले होते, गाद्या डोक्यावर घेऊन, शिव्या देत. "कुणाला देतायत?" तिने विचारलं. वहिनी कधी खोटं बोलायची नाही. "तुम्हालाच," ती म्हणाली. "थोड्या ह्यांना. ह्यांना कुणीतरी म्हणालं, तुझ्या बहिणीला म्हणावं खाली ये, वरून नीट दिसत नाही." मग घाईघाईने, "पण सगळे निघालेत हो. एकच म्हातारे पोस्टमन काका हट्ट करून बसले होते, मागच्या वर्गात भिंतीला टेकून. उबेची जागा सोडत नव्हते. ह्यांनी त्यांना उचलूनच नेलं."

मंगळवार, बुधवार, गुरुवार. या तीन दिवसांत तिने काय केलं ते तिला नंतर नीट सांगता आलं नसतं. ती कामावर गेली, घरी आली. दुधाची पिशवी कपाटात ठेवली आणि चष्मा फ्रिजमध्ये. संस्थेत कुणी काही बोललं नाही, आणि ते न बोलणं ढगूबाईपेक्षा जड होतं. बसमध्ये एक बाई शेजारणीला सांगत होती की तिकडे म्हणे लोकांना नुसते इकडून तिकडे नाचवतायत, आणि ती त्या दोघींच्या मागे उभी राहून मान हलवत होती, हो ना, हो ना. काहीतरी व्हावं असं तिला वाटे आणि लगेच त्या वाटण्याची किळस येई. शाळा पडावी अशी इच्छा करणारं माणूस कसलं असतं? पण ती पडली नाही तर आपण कोण, हेही तिला माहीत होतं. एकदा आरशासमोर दात घासताना तिने स्वतःला विचारलं की तुला नक्की काय हवंय, आणि तोंडातला फेस तसाच ठेवून बराच वेळ उभी राहिली. तिला हवं होतं की जमीन सरकणं थांबावं आणि तरीही ती सरकत होती हे सिद्ध व्हावं. असं मागणं कुणापुढे मांडायची सोय नसते.

शुक्रवारी दुपारी बारा चाळीसला तिकडे धक्का बसला. पहिल्या भूकंपाच्या मानाने लहान, आठ सेकंदांचा. इथे दिवेसुद्धा हलले नाहीत. संध्याकाळी साहेब स्वतः तिच्या टेबलापाशी आले आणि उभे राहिले. मग त्यांनी खुर्ची ओढली, जे ते कधी करत नसत. "मागचे तीन वर्ग," ते म्हणाले. "भिंत आत पडली. छप्पर तिच्यावर. आत कुणी नव्हतं." ती पडद्याकडे बघत राहिली. आनंद झाला नाही. खोलीच्या टोकाला कुणीतरी टाळी वाजवली, एकच, आणि बाकी कुणी वाजवत नाही बघून थांबलं. "गावात?" तिने विचारलं. साहेबांनी कागद पाहिला. "किरकोळ. चौघांना लागलंय. एकाच्या पायावर घराच्या गच्चीचा कठडा पडला. पाय काढावा लागला. वरच्या आळीतला. पोस्टमन होता म्हणे." ते उठले, तिच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही असा त्यांचा हात हवेत थांबला, आणि ते गेले.

शनिवारी सकाळच्या गाडीने ती निघाली. बावीस वर्षं ती जमिनीची हालचाल मोजत होती आणि हललेल्या जमिनीवर तिने कधी पाय ठेवला नव्हता. दादा स्थानकावर आला होता. तो तिला आधी शाळेकडे घेऊन गेला. कालव्याकाठी डांबरी रस्त्यावर मध्ये पांढरी रेघ होती आणि एका जागी ती तुटून वितीच्या आत बाजूला सरकली होती, जणू रंगवणाऱ्याने मध्ये विडी ओढायला थांबून पुन्हा भलतीकडून सुरुवात केली. ती वाकली. बोट त्या तुटलेल्या कडेवर ठेवलं. खडबडीत होतं, उन्हाने तापलेलं, आणि त्यात एक मुंगी चालली होती. पडद्यावर हे केसाएवढं होतं. पलीकडे शाळेचा ढिगारा. दादाने तासलेलं दार चौकटीसकट त्यावर आडवं पडलेलं. येणारे जाणारे तिला नमस्कार करत होते. एका बाईने जवळ येऊन तिचा हात धरला आणि काही न बोलता सोडला. गवंडी म्हणाला, "आलात का खाली?" आणि लाजून हसला. दादा ताठ चालत होता. त्याचं ते ताठ चालणं तिला सहन होईना. "मला त्यांच्याकडे ने," ती म्हणाली.

"कुणाकडे?" दादाने विचारलं, पण त्याला कळलं होतं. "तो म्हातारा तोडून बोलतो. आणि तुला सांगतो, तो शाळेत बसायचा तीच भिंत आत पडलीय. तिथे असता तर पाय सोड, माणूसच उरला नसता. मी सांगतो त्याला."

"तू काही सांगू नकोस."

दवाखान्याच्या लांबट खोलीत शेवटच्या खाटेवर तो होता. पांढऱ्या मिश्या, पातळ पांघरूण, आणि पांघरुणाखाली उजवीकडे उंचवटा जिथे संपायला नको तिथे संपलेला. तिने ठरवलं होतं की त्या जागेकडे बघायचं नाही, आणि ती पहिली तिकडेच बघून बसली. "ही माझी बहीण," दादा म्हणाला.

"अच्छा," म्हातारा म्हणाला. "वरून बघणाऱ्या त्या याच." त्याने तिला नीट न्याहाळलं. "पस्तीस वर्षं पायी टपाल वाटलं मी. दिवसाला वीस किलोमीटर. कुणाच्या घरी काय पोचवतोय ते मला ठाऊक नसायचं, पाकीट बंद असायचं. तुमचं तर उघडं असतं म्हणे."

"उघडं असतं," ती म्हणाली. "पण वाचताना चूक होते. गेल्या शनिवारी घरी जाऊ नका म्हटलं, ती चूक होती. सोमवारी शाळा सोडा म्हटलं, ते बरोबर होतं."

"काका, ती भिंत—" दादाने सुरुवात केली. तिने त्याच्या मनगटाला हात लावला आणि तो थांबला.

म्हाताऱ्याने छताकडे पाहिलं. शेजारच्या खाटेवर कुणीतरी खोकत होतं. "मग हा पाय," त्याने विचारलं, "कुठल्या वेळचा?"

तिला प्रश्न कळला. तो चुकीच्या वेळचा असता तर माफी मागता आली असती. खोलीभर औषधाचा वास होता आणि दादाच्या मनगटाची नाडी तिच्या बोटांखाली जोरात चालली होती. "बरोबरच्या," ती म्हणाली.

मग त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं, हसू म्हणता येणार नाही असं, आणि त्याने मान थोडी वळवली. "भिंतीचं मला माहीत आहे," तो म्हणाला. "गवंड्याने सकाळीच सांगितलं. तुम्ही सांगताय का ते बघत होतो." दादाने श्वास सोडला. ती खाटेशेजारच्या स्टुलावर बसली.

"अजून सरकतेय का?" त्याने विचारलं.

"बहुतेक. हळूहळू कमी होईल. महिने लागतील."

"परत कधी बघणार?"

"उद्या सकाळी उपग्रह वरून जाईल. चित्र हातात यायला मंगळवार."

"मग मंगळवारी मला आधी सांगा," म्हातारा म्हणाला. "मला आता उठून निघायला वेळ लागतो."

दादाने तिच्याकडे पाहिलं. हो म्हणून टाक, एवढं काय त्यात, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. आणि ते म्हणून टाकणं तिच्या जिभेवर आलंही होतं, गोड, तयार.

"आधी कुणालाच नाही सांगणार," ती म्हणाली. "सगळ्यांना एकदमच. चौकात उभी राहून. आणि तुम्हाला न्यायला दोन माणसं तिथल्या तिथे ठरवून."

पांघरुणाची कड म्हाताऱ्याने दोन बोटांनी सरळ केली, पत्रावरची सुरकुती काढावी तशी.

"बरं," तो म्हणाला. "मग मोठ्याने सांगा. मला या कानाने कमी येतं."